मासा सोडला, पण तो जगला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ठाणे पुरवणीत गेल्या आठवड्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मस्की हा मोठा मासा गळाला लावणाऱ्या एका ठाणेकर तरुणाचे छायाचित्र आणि त्याखाली चार ओळींचा मजकूर प्रसिद्ध झाला. ठाण्याच्या मुलाने इतक्या दूरच्या सरोवरावर जाऊन असा मासा पकडावा याचा मला मनापासून आनंद झाला, कारण मस्की सहजासहजी गळाला लागत नाही. मात्र छायाचित्रात तो मासा कल्ल्यात बोटे घालून उभा टांगलेला आहे, ऊन डोक्यावर आलेले दिसते, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कडक उन्हात बराच वेळ तळ ठोकल्यावर हे यश मिळाल्याचे मजकुरात म्हटले आहे, माशाचे वजन दिले आहे आणि शेवटी ‘नंतर मासा पुन्हा पाण्यात सोडण्यात आला’ असे वाक्य आहे. मला लिहायचे आहे ते या शेवटच्या वाक्याबद्दल. सोडलेला मासा जगलाच असणार असे आपण वाचक गृहीत धरतो; पण उन्हाळ्याच्या अखेरीस, ऊबदार पाण्यातून काढून अशा रीतीने हाताळलेल्या मस्कीबद्दल तसे गृहीत धरता येत नाही. त्या तरुणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या शेजारी जाणते कोणी नसावे, एवढेच. मात्र ठाणे आणि नवी मुंबईतून मुलाबाळांकडे उन्हाळा घालवायला जाणारी आणि तिथे हौसेने मासेमारीचा परवाना काढणारी मंडळी आता इतकी आहेत की ही गोष्ट जाहीरपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

माझे बालपण चेंदणी कोळीवाड्याच्या शेजारी गेले आणि वडिलांबरोबर खाडीवर गरवायला जाण्याची सवय मला तेव्हापासून आहे. मुलगी मिनियापोलिसला स्थायिक झाल्यापासून श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास तिच्याकडे राहणे होते आणि तिच्या शेजाऱ्यांच्या नावेतून उत्तरेकडच्या सरोवरांवर जाण्याची संधी मिळते. पुढे जे लिहिते आहे ते तिथल्या जुन्या, अनुभवी माणसांकडून शिकलेले आणि तिथल्या सरकारी मत्स्यखात्याच्या नियमपुस्तिकांत वाचलेले आहे.

मस्की हा पाइक कुळातला, गोड्या पाण्यात राहणारा आणि केवळ उत्तर अमेरिकेत आढळणारा शिकारी मासा आहे. ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी, मिसिसिपीचा वरचा भाग आणि ओहायो नदीचे खोरे हा त्याचा मूळ प्रदेश. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने १९५५ साली त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखे चपटे तोंड आणि सुरीसारखे दात घेऊन हा मासा पाणवनस्पतींच्या कडेला निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की एका झेपेत त्याला धरतो. आपल्याकडच्या मरळीची शिकार ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. मस्की मुळातच विरळ असतो: एक एकर पाण्यात एक मोठा मस्की असला तरी ती वस्ती दाट समजली जाते. शिवाय त्याची वाढ संथ असते. माद्या नरांहून बऱ्याच मोठ्या होतात आणि पन्नास इंचांची, म्हणजे १२७ सेंटिमीटरची मादी तयार व्हायला साधारण दीड दशक लागते. म्हणून छायाचित्रात मिरवावासा वाटणारा प्रत्येक मोठा मस्की जवळजवळ नेहमीच एक वयस्क मादी असते, जी अनेक वर्षे अंडी घालत आली आहे आणि जगली तर पुढेही घालणार आहे. एक मोठा मासा गेला तर त्याची जागा पुढच्या वर्षी भरून निघत नाही.

आता सरोवरांविषयी. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ सरोवरे आहेत. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या मागे सरताना जे खळगे उरले त्यांत ती साठली आहेत. लीच लेक, व्हर्मिलियन, मिल लॅक्स, कॅनडाच्या सीमेवरचे लेक ऑफ द वूड्स ही मस्कीसाठी प्रसिद्ध असलेली नावे. यांपैकी जी सरोवरे खोल आणि नितळ आहेत त्यांचे उन्हाळ्याच्या अखेरचे वागणे समजून घेतल्याशिवाय मस्की सापडत नाही, आणि सापडला तर त्याला वाचवताही येत नाही. उन्हाळाभर तापलेले हलके पाणी वर तरंगत राहते, गार आणि जड पाणी तळाशी राहते, आणि दोहोंच्या मधल्या, थर्मोक्लाइन नावाच्या थरात काही फुटांतच तापमान झपाट्याने उतरते. या मधल्या थरामुळे तळाच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. ज्या सरोवरात सांडपाणी, खते आणि शेवाळ फार असते तिथे तळाशी साचलेला गाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतो. पण नितळ सरोवरात कुजायला फारसे काही नसते, म्हणून तिथे खालच्या गार पाण्यातही ऑक्सिजन टिकून राहतो. मस्कीचे एक मुख्य खाद्य असलेला सिस्को हा चरबीयुक्त मासा अशाच गार, ऑक्सिजनयुक्त पाण्यात तग धरतो आणि ज्या सरोवरांत सिस्को मुबलक असतो तिथले मस्की सर्वांत मोठे होतात. याउलट कडक उन्हाळ्यात वरचे पाणी फार तापले आणि खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला, तर मधल्या अरुंद पट्ट्यात कोंडलेले सिस्को मरून पृष्ठभागावर तरंगू लागतात. आपल्या तलावांवर उन्हाळ्यात मेलेले मासे तरंगताना ज्या ठाणेकरांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. कारणही पुष्कळ अंशी तेच असते, फक्त आपले तलाव उथळ असल्याने मासळीला खाली जायला गार थरच उरत नाही.

नितळ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर जातो, म्हणून पाणवनस्पतीही खोलवर वाढतात आणि मस्की त्यांच्या बाहेरच्या, खोल कडेला किंवा उघड्या पाण्यात सिस्कोच्या थव्यांखाली असतो. दुपारच्या उन्हात त्याला नाव, काठी, तंगूस सगळे स्पष्ट दिसते. त्यामुळे तिथले जाणकार ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री निघतात, चंद्र उगवण्या-मावळण्याच्या वेळा पाहून ठेवतात, वादळ येण्यापूर्वी आभाळ भरून आले असेल तर हातातले काम टाकून सरोवर गाठतात, आणि वादळानंतरच्या स्वच्छ, गार दिवसाकडून फारशी अपेक्षा ठेवत नाहीत. रात्रीसाठी ते काळ्या रंगाची आणि पाण्यात मोठा थरकाप निर्माण करणारी, रुंद पात्यांची आमिषे वापरतात, कारण अंधारात मासा नजरेपेक्षा अंगावरच्या संवेदनरेषेने पाण्यातली हालचाल टिपतो. नितळ पाण्यातला मस्की अनेकदा आमिषामागे नावेपर्यंत येतो, पण तोंड लावत नाही; म्हणून आमिष पाण्याबाहेर काढण्यापूर्वी काठीचे टोक पाण्यात बुडवून नावेच्या कडेला इंग्रजी आठाचा मोठा, रुंद आकडा काढायचा असतो. वळणावर दिशा बदलताना मासा झडप घालतो. काठी, आमिष आणि एक मोठी सावली एकाच वेळी हाताच्या अंतरावर असण्याचा तो क्षण ज्याने अनुभवला त्याला आपल्या तरुणाचा आनंद पूर्ण कळेल. मलाही तो कळतो, म्हणूनच पुढचे लिहिण्याचा अधिकार मी घेते आहे.

पाणी जितके ऊबदार, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: १५ अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण दहा मिलिग्रॅम, तर २७ अंशांना साधारण आठ. दुसऱ्या बाजूला, पाणी तापले की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते. अशा पाण्यात गळाला लागलेला मस्की झुंजतो तेव्हा त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, रक्ताचे संतुलन बिघडते, आणि ते पूर्ववत करण्यासाठी त्याला ज्या वेळी सर्वांत अधिक ऑक्सिजन हवा असतो नेमके त्याच वेळी आपण त्याला हवेत उचलतो. तो सोडल्यावर शेपटी हलवत खोल पाण्यात निघून जातो, आपण समाधानाने हात धुतो, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तो तळाशी मरतो. हे मरण कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही आणि छायाचित्राखालच्या मजकुरात ‘सोडण्यात आला’ हे शब्द खरे असूनही अपुरे राहतात. याच कारणासाठी तिथले जबाबदार लोक पृष्ठभागाचे पाणी ८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसला पोहोचले की मस्कीसाठी गळ टाकणेच थांबवतात, आणि काही जण त्याही आधी थांबतात. हा आकडा पाहायला वेगळे उपकरण लागत नाही, नावेवरच्या मासेशोधक यंत्राच्या पडद्यावर तो सतत दिसत असतो. सुट्टी ठरलेली आहे, विमानाचे पैसे भरले आहेत, परवाना काढला आहे आणि नेमक्या त्याच आठवड्यात पाणी तापले आहे, अशा वेळी थांबणे कठीण असते हे मी जाणते. त्या दिवसांत दुसरे, लहान आणि तुलनेने काटक मासे गरवता येतात. उत्तरेकडे ऑगस्टच्या अखेरीस रात्री गार होऊ लागल्या की पाण्याचे तापमान पुन्हा उतरते आणि खरा हंगाम तेव्हाच सुरू होतो.

पाणी योग्य असले तरी हाताळणी चुकली तर मासा जातो. हलक्या काठीने, बारीक दोरीने मोठा मासा खेळवत राहण्यात कौशल्य आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. मस्कीच्या बाबतीत ती घातक आहे. तिथे आठ-नऊ फुटांची भक्कम काठी, ८० ते १०० पौंडांचा भार सोसणारी विणलेली दोरी आणि दातांनी तुटू नये म्हणून पुढे पोलादी तारेचा किंवा जाड फ्लुओरोकार्बनचा तुकडा वापरतात, तो मासा थकण्याआधी जवळ यावा यासाठीच. जवळ आलेला मासा रबराचा लेप दिलेल्या मोठ्या, खोल जाळीत घ्यायचा आणि जाळी पाण्यातच ठेवायची. गळ काढण्याचे सगळे काम मासा पाण्यात असतानाच करायचे, त्यासाठी लांब पकड हवी, आणि गळ खोल रुतला असेल तर ओढाताण न करता तो तोडून टाकण्यासाठी मजबूत कटर हवा. एका गळाची किंमत ती काय! सर्व तयारी झाल्यावरच, कॅमेरा हातात असलेल्या माणसाला आधी सांगून, ओल्या हातांनी एक हात जबड्याखाली आणि दुसरा पोटाखाली देऊन मासा आडवा उचलायचा, काही सेकंदांत छायाचित्र घ्यायचे आणि त्याला परत पाण्यात न्यायचे. उभा टांगलेला मासा स्वतःच्याच वजनाने दुखावतो, कारण त्याचे शरीर आयुष्यभर पाण्याने तोललेले असते. जबडा, कणा आणि आतले अवयव यांना तो ताण सोसत नाही. वजनकाट्याला अडकवण्यातही हाच दोष आहे. लांबी आणि घेर इंचांत मोजून घेराच्या वर्गाला लांबीने गुणले आणि आलेल्या संख्येला ८०० ने भागले की पौंडांत वजनाचा पुरेसा चांगला अंदाज मिळतो, त्यासाठी मासा टांगावा लागत नाही.

आमच्या घरी हे बोलणे निघाले तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने जो प्रश्न विचारला तो आपल्या अनेक वाचकांच्याही मनात येईल: खायचा नाही, तर त्या जिवाला छळायचे कशाला? श्रावण पाळणाऱ्या घरात हा प्रश्न अधिकच टोचतो आणि त्याला झटकून टाकणारे उत्तर माझ्याकडे नाही. गळ माशाला इजा करतोच. तरीही मस्कीचा इतिहास पाहिला तर मला असे दिसते की ज्यांना तो हवासा वाटला त्यांनीच तो राखला. एके काळी मोठा मस्की पकडणे म्हणजे तो मारणे, दुकानाबाहेर टांगणे आणि भुसा भरून भिंतीवर लावणे होते. आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या नोंदीतला सर्वांत मोठा मस्की, ६७ पौंड ८ औंसांचा म्हणजे सुमारे ३०.६ किलोंचा, १९४९ साली विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावाजवळच्या सरोवरात याच रीतीच्या काळात मारला गेला. पुढे १९६६ साली मिनेसोटात ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ ही मस्कीप्रेमींची संस्था स्थापन झाली, तिने मासा सोडून देण्याची रीत रुजवली आणि सरोवरांत पिल्ले सोडण्याच्या कामाला हातभार लावला. आज मिनेसोटात बहुतेक सरोवरांवर ५४ इंचांहून, म्हणजे १३७ सेंटिमीटरहून लहान मस्की ठेवून घेणे बेकायदा आहे, आणि हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे मासे अंडी घालून झाल्यावर सुरू होतो. तिथे विकल्या जाणाऱ्या काठ्या, गळ आणि आमिषे यांवर १९५० सालच्या एका संघीय कायद्याने कर बसतो आणि ते पैसे राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठीच मिळतात. माझ्या बहिणीचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण सोडण्यासाठीच पकडायचे ठरले तर मासा जिवंत राहणे हा त्या छंदाचा एकमेव बचाव आहे, यावर आम्हा दोघींचे एकमत झाले. शिवाय मस्की खाण्याच्या दृष्टीनेही चांगला नाही, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो आणि विस्कॉन्सिनचे आरोग्य व मत्स्यविभाग मुलांनी आणि गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांनी तो मुळीच खाऊ नये असे सांगतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे मला गरजेचे वाटते. चेंदणीचा किंवा दिवाळे-बेलापूरचा कोळी बांधव खाडीत जाळे टाकतो तो पोटासाठी, आणि त्याला कोणी ‘मासा सोडून दे’ असे सांगणे हा उद्धटपणा ठरेल. मी बोलते आहे ते हौसेने गरवणाऱ्या आपल्यासारख्यांबद्दल. आपल्या खाडीतला जिताडा घ्या. हा मासा तरुणपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे हौशी गळाला लागणारे सर्वांत मोठे जिताडे जवळजवळ सगळे माद्याच असतात, अगदी मस्कीप्रमाणे. रविवारी खाडीकिनारी काठ्या घेऊन बसणाऱ्या आपल्या तरुणांनी खाण्यापुरता मध्यम मासा घरी न्यावा आणि मोठी मादी आडवी धरून, पाण्याजवळच छायाचित्र काढून परत सोडावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी सरकारी नियमाची वाट पाहण्याची गरज नाही.

आपणांस माझी विनंती साधी आहे. मासेमारीचे असे छायाचित्र आपल्याकडे आले तर वजनाऐवजी माशाची लांबी विचारावी, पाणी किती अंश होते आणि मासा किती वेळ बाहेर होता हे विचारावे, आणि मासा टांगलेला असेल तर ते छायाचित्र न छापता पाठवणाऱ्याला त्याचे कारण कळवावे. तरुण मुले छापून आलेले छायाचित्र पाहूनच पुढचा मासा कसा धरायचा ते ठरवतात, म्हणून हे काम नियमपुस्तिकेपेक्षा वर्तमानपत्राला अधिक चांगले साधेल. शक्य असल्यास हे पत्र त्या तरुणापर्यंतही पोहोचवावे. पुढच्या वर्षी तो पुन्हा जाणार असेल, तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरचा आरंभ निवडावा, आणि नव्या आमिषांवर पैसे खर्च करण्याआधी मोठी रबरी जाळी, लांब पकड आणि कटर या तीन वस्तू घ्याव्यात, असा माझा त्याला आग्रहाचा सल्ला आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे